सूक्ष्म कवचांचें नामकरण

जुन्या वळणाच्या घरांतील देव्हाऱ्यांत अजूनहि एखादा शाळिग्राम असतो. त्याच्या द्वारांतून आंत डोकावल्यास चक्राकार वेटोळें दिसतें. गंडकी नदीच्या पात्रांत सांपडणारा हा काळा दगड म्हणजे अमोनाइट नांवाच्या, समूळ नष्ट झालेल्या सागरी प्राण्याचा अवशेष होय, असें भूगर्भशास्त्र सांगतें. आमच्या पूर्वजांनीं त्याला पूजिलें, तसेंच त्याचें वर्गीकरणहि केलें. द्वारें किती, चक्रें किती, वर्ण कोणता हें पाहून हा दामोदर, हा लक्ष्मीनारायण, हा नृसिंह असें त्यांनीं ठरविलें. वस्तु मुळांत काय आहे हें ठाऊक नसतांहि तिला नांव देतां येतें आणि तें नांव शतकानुशतकें टिकतें, हें यावरून ध्यानांत येईल. युरोपांतील शास्त्रज्ञांवरहि एकदां असाच प्रसंग आला. आणि योगायोग असा कीं, त्यांचीहि दृष्टि प्रथम छिद्रांवर व चक्रांवरच गेली.

तो प्रसंग फोरामिनिफेरा या जीवांच्या नामकरणाचा. हे समुद्रांत राहणारे एकपेशीय जीव. बहुतेकांचा आकार रव्याच्या कणाएवढा किंवा त्याहूनहि लहान. पण त्या कणाभोंवतीं चुन्याचें किंवा वाळूचे कण चिकटवून केलेलें, दालनामागून दालन वाढत जाणारें घर असतें. जीव मरतो, घर तळाशीं बसतें आणि अशा असंख्य घरांचा कालांतरानें खडक बनतो. यांतील न्युम्युलाइट नांवाची जात मात्र नाण्याएवढी होई. इजिप्तांतील पिरॅमिडांजवळ पडलेल्या दगडांच्या खपल्यांत मसुरीच्या दाण्यांसारखे खडे दिसत. ते मजुरांच्या उरलेल्या अन्नाचे दगड झाले, अशी तेथील लोकवार्ता ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो यानें नोंदविली आहे. ते दाणे म्हणजे हेच न्युम्युलाइट.

सूक्ष्मदर्शक हातीं आल्यावर इटालींतील बेक्कारी यानें 1731 मध्यें वाळूंतील अशा चिमुकल्या कवचांचें वर्णन केलें. त्यांचें वेटोळें पाहून लिनिअसनें 1758 मध्यें त्यांस नॉटिलस या मोठ्या सागरी प्राण्याच्या कुळांत बसविलें. चेहरा सारखा दिसला म्हणून गोत्र एक मानावें, तसाच हा प्रकार झाला.

या गोंधळांत व्यवस्था आणण्याचें श्रेय आल्सिद दॉर्बिन्यी या फ्रेंच तरुणाचें. त्याचा जन्म 1802 चा. वडील वैद्य, बालपण ला रोशेलजवळच्या समुद्रकांठीं गेलेलें. वाळू निवडून त्यांतील कवचें तो भिंगाखालीं पाही. एवढ्यावर न थांबतां त्यानें निवडक शंभर कवचांच्या मोठ्या प्रतिकृति दगडांत कोरल्या आणि त्यांवरून प्लास्टरचे ठसे काढून ते अभ्यासकांस उपलब्ध करून दिले. अदृश्यप्राय वस्तु दुसऱ्यास कशी दाखवावी, या अडचणीचा याहून प्रामाणिक परिहार आम्हांस सुचत नाहीं. 1826 मध्यें त्याचें वर्गीकरण प्रसिद्ध झालें. त्यांत पांचशेंहून अधिक जातींचीं नांवें होतीं. कोणाचीं दालनें एकावर एक रचलेलीं, कोणाचीं मळसूत्री वळणाचीं, तर कोणाचीं एकाआड एक डावीं-उजवीं, अशी ही वांटणी होती.

मात्र हे जीव नॉटिलसचे व माकूलचे सूक्ष्म भाऊबंद आहेत, ही जुनी समजूत त्यानेंहि तशीच पुढें चालविली. नॉटिलसच्या दालनांतून एक नळी जाते. या जीवांत नळी नसून दालनादालनांच्या मधल्या पडद्यास नुसतें छिद्र असतें. म्हणून त्यानें यांस फोरामिनिफेरा, म्हणजे छिद्रधारी, असें नांव दिलें. हें नांव कवचाच्या पृष्ठभागावरील बारीक रंध्रांमुळें पडलें असें पुष्कळांस वाटतें. तें बरोबर नाहीं.

दॉर्बिन्यी दक्षिण अमेरिकेच्या दीर्घ प्रवासांत असतां आणि तेथून परतल्यावर लौकरच, फेलिक्स दुजार्दें या दुसऱ्या फ्रेंच संशोधकानें एक साधी गोष्ट केली. रिकाम्या घरावरून मालकाची कल्पना करण्याऐवजीं त्यानें जिवंत मालकासच गांठलें. त्याला ना शुंडा दिसल्या, ना डोळे, ना हृदय. दिसला तो केवळ एक चिकट, पारदर्शक, सजीव द्रव, आणि त्यांतून बाहेर पसरणारे मुळांसारखे तंतु. 1835 मध्यें त्यानें हें जाहीर केलें, आणि नॉटिलसशीं जोडलेलें नातें तुटलें. दॉर्बिन्यीनें हा निर्णय मान्य केला. 1839 सालच्या क्यूबाविषयींच्या ग्रंथांत त्यानें या जीवांचा स्वतंत्र वर्ग मानला.

येथें आमचे विद्यार्थी हटकून विचारतात कीं, "कल्पना चुकीची ठरली, तर नांव कां बदललें नाहीं?" प्रश्न योग्य आहे. उत्तर असें कीं, नांव ही खूण आहे, व्याख्या नव्हे. घरांत धोंडू नांवाचा मुलगा दगडासारखा नसला म्हणून कोणी त्याचें दुसरें बारसें करीत नाहीं. जातींच्या बाबतींत तर प्राणिनामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात कीं, अर्थ जुळत नाहीं एवढ्यावरून नांव टाकून देऊं नये. नांव स्थिर राहतें म्हणूनच त्याच्या मागील ज्ञानास बदलण्याची मोकळीक मिळते.

या इतिहासाशीं मुंबईचाहि संबंध आहे. हेन्री जॉन कार्टर हा मुंबई सरकारच्या सेवेंतील शल्यवैद्य. सिंधमधील मोठ्या न्युम्युलाइट-वर्गीय जीवाश्मांवरील त्याचा निबंध 1861 मध्यें रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत आला. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत विल्यम कार्पेंटर यानें आपल्या ग्रंथांत मूलगामी शंका काढली. या जीवांत एक रूप दुसऱ्यांत इतकें बेमालूम मिसळतें कीं, जातींच्या पक्क्या सीमा आंखणेंच व्यर्थ होय, असें त्याचें म्हणणें. शंका पोकळ नव्हती. परंतु ती सर्वस्वीं मानली, तर कोणता थर कोणत्या काळाचा हें कवचांवरून सांगण्याचा आधारच सुटला असता.

कार्पेंटरची शंका किती खरी आणि किती खोटी, हें न्युम्युलाइटांनींच दाखवून दिलें. एका थरांत एक मोठी आणि एक लहान अशा दोन जाती नेहमीं जोडीनें सांपडत. मोठीचें पहिलें दालन अगदीं सूक्ष्म, लहानीचें मात्र ठळक. दोघींस वेगवेगळीं नांवें दिलेलीं होतीं. 1880 मध्यें म्युनिए-शाल्मा यानें सुचविलें कीं, या दोन जाती नसून एकाच जातीचीं दोन रूपें आहेत. आणि शतकाच्या अखेरीस लिस्टर यानें जिवंत जीवांत आळीपाळीनें येणाऱ्या दोन पिढ्या दाखवून तें पक्कें केलें. एकाच बाईची शिरगणतींत माहेरच्या नांवानें एकदां आणि सासरच्या नांवानें एकदां नोंद व्हावी, तसें हें झालें होतें.

उलट प्रकारहि घडला. दॉर्बिन्यीनें 1839 मध्यें ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा असें नांव दिलेला, चेंडूसारखा गोल जीव आजहि समुद्रांत तरंगतो. 1999 मध्यें त्याच्या डी. एन. ए.ची परीक्षा झाली, तेव्हां त्या एका नांवाखालीं निदान तीन निरनिराळे वंश नांदत असल्याचें आढळलें. म्हणजे कोठें दोन नांवांचा धनी एक, तर कोठें एका नांवाचे धनी अनेक!

ही केवळ पंडितांची कलागत आहे असें मात्र कोणी समजूं नये. तेलासाठीं विहीर खणतांना मोठे जीवाश्म यंत्राखालीं चुरा होतात. हीं सूक्ष्म कवचें तेवढीं शाबूत वर येतात, आणि थराचें वय सांगतात. विसाव्या शतकांत अमेरिकेंत कुशमन यानें या विद्येस व्यवहारांत आणलें. 1974 मध्यें मुंबईजवळच्या समुद्राखालीं तेल लागलें, तेंहि चुनखडकांतच. अशा खडकांचे थर लावतांना नांवांत घोटाळा झाला, तर काळाच्या हिशोबांतहि घोटाळा व्हावयाचा.

दॉर्बिन्यीनें पुढें 1853 मध्यें पॅरिस येथें जीवाश्मशास्त्राचें अध्यापकपद भूषविलें व 1857 मध्यें तो निवर्तला. त्याच्या प्रतिकृति आजहि संग्रहालयांत जपलेल्या आहेत. त्याचा सिद्धान्त गेला. पण कवच जसें दिसलें तसें कोरण्याची निष्ठा त्यानें सोडली नव्हती, म्हणून त्याची चूक दुरुस्त करणाऱ्यांसहि त्याचेंच काम हाताशीं घ्यावें लागलें. वर्गांत उत्तर चुकल्यास पाटी घाईघाईनें पुसणाऱ्या मुलांना आम्ही ही गोष्ट सांगत असतों.