वैशिष्ट्यीकृत प्रतिमा (वर्डप्रेस)

वैशिष्ट्यीकृत प्रतिमा म्हणजे वर्डप्रेस या आशय व्यवस्थापन प्रणालीत एखाद्या लेखाची ओळख म्हणून निवडलेली प्रतिमा होय. ती लेखाच्या मजकुराचा भाग नसते. लेखाच्या अधिमाहितीत त्या प्रतिमेचा केवळ क्रमांक नोंदवला जातो. ती कोठे व किती मोठी दाखवायची, हे थीम ठरवते. त्यामुळे एकच प्रतिमा लेखसूचीत लहान आणि लेखाच्या पानावर मोठी दिसू शकते.

इतिहास

ही सुविधा डिसेंबर २००९ मधील २.९ या आवृत्तीत ‘पोस्ट थंबनेल’ या नावाने आली. पुढे वापरकर्त्यांसाठी ‘फीचर्ड इमेज’ हे नाव रूढ झाले. आज्ञावलीतील फंक्शनच्या नावांत मात्र ‘थंबनेल’ हाच शब्द टिकून आहे.

प्रतिमा मिळवणे

थीमने ‘ॲड थीम सपोर्ट’ या फंक्शनद्वारे सुविधेची नोंद करावी लागते. ‘हॅज पोस्ट थंबनेल’ हे प्रतिमा आहे की नाही ते तपासते, ‘द पोस्ट थंबनेल’ ती थेट दाखवते, तर ‘गेट द पोस्ट थंबनेल यूआरएल’ केवळ तिचा पत्ता देते.

आकार

प्रतिमा चढवताना तिच्या लहान प्रती तयार होतात. मूळ मांडणीनुसार लघुप्रतिमा १५० × १५० पिक्सेलची असून कापलेली असते. मध्यम प्रत ३०० × ३०० व मोठी प्रत १०२४ × १०२४ पिक्सेलच्या चौकटीत प्रमाण राखून बसवली जाते. ‘ॲड इमेज साइज’ने नवे आकार जोडता येतात. मात्र आधी चढवलेल्या प्रतिमांच्या त्या आकाराच्या प्रती आपोआप होत नाहीत; त्या पुन्हा निर्माण कराव्या लागतात. चढवलेल्या प्रतिमेपेक्षा मोठी प्रत तयार केली जात नाही.

कापणी ठरलेल्या आकाराची असल्यास ती मध्यबिंदूपासून होते. उभ्या व्यक्तिचित्रात त्यामुळे डोके कापले जाण्याचा संभव असतो. अशा वेळी कापणीची बाजू ‘वर’ अशी सांगता येते.

वाचकांवरील परिणाम

सूचीत मूळ आकाराची प्रतिमा वापरल्यास पान सावकाश उघडते आणि मोबाइलवरील वाचकाचा डेटा व्यर्थ खर्च होतो. ४.४ (२०१५) या आवृत्तीपासून ब्राउझरला पडद्यानुसार योग्य प्रत निवडता येते. प्रतिमेला पर्यायी मजकूर दिलेला नसल्यास स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकांपर्यंत तिचा आशय पोहोचत नाही.