ग्रुपवर आलेल्या नोट्स: विद्यार्थी सोशल मीडियावर ज्ञान कसं वाटतात आणि वाटताना काय पाहावं?

परीक्षेच्या आदल्या रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय येतं ते आठवा. कुणी तिसऱ्या युनिटच्या नोट्सचे फोटो टाकतं, कुणी मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची पीडीएफ, तर कुणी 'हे पाच प्रश्न नक्की येणार' असा मेसेज. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, पण त्यांची किंमत सारखी नसते. पहिल्यात कुणाची तरी मेहनत आहे, दुसऱ्यात पडताळता येणारी माहिती आहे आणि तिसऱ्यात बहुतेक वेळा नुसता अंदाज.

मग विद्यार्थ्यांनी सोशल मीडियावर अभ्यास वाटावा की नाही? जरूर वाटावा. फक्त वाटलेल्या गोष्टीसोबत तिचा पत्ताही जायला हवा: ती कुठून आली, कधीची आहे आणि कुणी तपासली.

ही पद्धत नवी आहे का?

अजिबात नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना 'यूजनेट'ची कल्पना सुचली. पुढच्या वर्षी ते सुरू झालं आणि विद्यापीठांतले संगणक फोनच्या लाइनवरून एकमेकांकडे संदेश पाठवू लागले. त्यावर विषयवार गट असत. दर सप्टेंबरला नवे विद्यार्थी येत आणि तेच ते प्रश्न विचारत. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र करून ती ठरावीक काळाने टाकायची पद्धत तिथे रुळली. आज वेबसाइटवर दिसणारा 'एफएक्यू' याच वळणाचा.

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने यूजनेटवर लिहिलं की, आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवत आहोत, काही सूचना असतील तर सांगा. त्या कामातून लिनक्स उभं राहिलं. तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर त्याच्या गाभ्याशी लिनक्सच आहे.

मित्राने समजावलेलं लवकर का समजतं?

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्गात एक बदल केला. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आधी स्वतःचं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी चर्चा करायची आणि पुन्हा उत्तर द्यायचं. माझूर यांचं म्हणणं असं की, नुकतंच समजलेल्या विद्यार्थ्याला आपण कुठे अडलो होतो ते ताजं आठवत असतं. प्राध्यापकांना ती अडचण कधीच मागे पडलेली असते.

समजावणाऱ्याचाही फायदा होतो. एखादी संकल्पना दोन मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये सांगायला गेलं की आपल्याला काय येत नाही ते लगेच कळतं. म्हणजे पन्नास पानांची पीडीएफ फॉरवर्ड करण्यापेक्षा स्वतः लिहिलेला एक परिच्छेद दोघांच्याही जास्त उपयोगाचा.

व्हॉट्सॲप की टेलिग्राम?

व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात, टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये २ लाखांपर्यंत. वर्गातल्या साठ जणांच्या ग्रुपवर चूक झाली तर कुणीतरी 'अरे, हे सूत्र चुकलंय' असं म्हणतं, कारण सगळे ओळखीचे असतात. हजारोंच्या चॅनेलवर फाइल टाकणारा कोण, हेच माहीत नसतं. तिथे फाइल्स भरपूर मिळतात, जबाबदारी मात्र कुणाचीच नसते.

व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दुहेरी बाण दिसला, तर तो मेसेज अनेक हातांतून फिरून आलेला असतो. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. दुहेरी बाण म्हणजे मेसेज खोटा असं नव्हे. पण पाठवणाऱ्या मित्राने तो स्वतः लिहिलेला नाही, एवढं नक्की.

एका स्क्रीनशॉटने काय होऊ शकतं?

१८ जून २०२४ रोजी यूजीसी-नेट परीक्षा झाली. ९ लाखांहून अधिक उमेदवारांनी ती दिली. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ती रद्द केली. टेलिग्रामवर प्रश्नपत्रिकेचा स्क्रीनशॉट फिरत होता आणि पेपर आधीच फुटल्याचा संशय होता. पुढे सीबीआयच्या तपासात आढळलं की, त्या स्क्रीनशॉटमध्ये फेरफार करून तो परीक्षेच्या आधीचा असल्याचं भासवलं होतं. तोवर वेळ निघून गेली होती. २१ ऑगस्टपासून परीक्षा पुन्हा घ्यावी लागली.

म्हणून परीक्षेची तारीख, हॉल तिकीट, निकाल किंवा 'पेपर फुटला' अशा बातम्या फोटोच्या रूपात आल्या, तर आधी विद्यापीठाच्या वेबसाइटवर परिपत्रक पाहावं. ग्रुपवर टाकायचंच असेल तर फोटो न टाकता त्या परिपत्रकाची लिंक टाकावी.

पुस्तकाची पीडीएफ टाकणं कायदेशीर आहे का?

दिल्ली विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी नावाचं झेरॉक्सचं दुकान होतं. तिथे अभ्यासक्रमातली निवडक प्रकरणं एकत्र बांधून विद्यार्थ्यांना मिळत. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या ओघात प्रती करण्याची सवलत आहे, हा त्यामागचा आधार. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठानेही ही सवलत मान्य केली. मात्र घेतलेला मजकूर शिकवण्यासाठी गरजेचा होता का, हे तपासायला सांगितलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

हा निकाल अभ्यासक्रमासाठी केलेल्या संचांबद्दल होता. अख्खं पुस्तक स्कॅन करून अनोळखी हजारो लोकांच्या चॅनेलवर टाकायला त्याचा आधार घेता येणार नाही. शिवाय मोफत आणि कायदेशीर साहित्यही बरंच उपलब्ध आहे: एनपीटीईएल आणि स्वयंवरील व्याख्यानं, नॅशनल डिजिटल लायब्ररी, प्रबंधांसाठी शोधगंगा आणि मराठीतून वाचायचं असेल तर मराठी विश्वकोश.

चांगली पोस्ट कशी असते?

- विषय, सेमिस्टर आणि युनिट पहिल्याच ओळीत लिहा. 'आयएमजी' ने सुरू होणाऱ्या नावाची फाइल दोन महिन्यांनी कुणालाच सापडत नाही.
- स्रोत सांगा: वर्गातलं व्याख्यान, पुस्तकाचं प्रकरण की स्वतःची टिपणं.
- वर्ष लिहा. सिलॅबस बदलला की जुन्या नोट्स दिशाभूल करतात.
- दुसऱ्याच्या नोट्स असतील तर आधी त्याला विचारा आणि त्याचं नाव द्या.
- चूक कळली की त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाका. जुनी फाइल गुपचूप काढून टाकली, तरी ती ज्यांनी डाउनलोड केली त्यांच्याकडे चूक राहतेच.

हे सगळं दोन ओळींत बसतं. उदाहरणार्थ: 'अर्थशास्त्र, सेमिस्टर ३, युनिट २, मागणीची लवचिकता. यंदाच्या वर्गातल्या माझ्या नोट्स. शेवटच्या गणिताचं उत्तर मी तपासलेलं नाही, कुणी तरी पाहा.'

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते वाचून एखादा जण वही उघडतो, गणित करून बघतो आणि उत्तर ग्रुपवर टाकतो.