उडत्या तबकडीची जन्मकथा

आपल्या घरांतील लहान मुलेही ज्या शब्दाचा सहज उच्चार करतात, तो 'उडती तबकडी' हा शब्द कोणा शास्त्रज्ञाने घडविलेला नाही, की कोणा साहित्यिकाच्या प्रतिभेतून उतरलेला नाही. तो अमेरिकन वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून जन्मास आला. त्याच्या जन्माची हकीकत आम्ही येथे सांगू इच्छितो. कारण ऐकलेली गोष्ट पुढे सांगताना आपली जबाबदारी कोणती, हा प्रश्न तिच्यात दडलेला आहे.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाचा एक व्यावसायिक आपल्या छोट्या विमानातून वॉशिंग्टन राज्यातील डोंगरांवरून चालला होता. अग्निशामक साहित्य विकणे हा त्याचा व्यवसाय. बेपत्ता झालेल्या एका लष्करी विमानाचा शोध घेत असता, माउंट रेनियर या हिमाच्छादित पर्वताजवळ त्याला चकाकणाऱ्या नऊ वस्तू रांगेने जाताना दिसल्या. दोन शिखरांमधील अंतर कापण्यास त्यांना किती वेळ लागला, हे त्याने घड्याळावर पाहिले. हिशेब केला तेव्हा त्यांचा वेग ताशी हजार मैलांहून अधिक निघाला. विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला तो त्यानंतर, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. यावरून त्याच्या विस्मयाची कल्पना यावी.

दुसऱ्या दिवशी पेंडल्टन गावच्या 'ईस्ट ओरेगोनियन' या वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊन त्याने ही हकीकत सांगितली. तिथून ती वृत्तसंस्थेमार्फत देशभर गेली. पाण्यावर भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते, तशा त्या वस्तू चालल्या होत्या, असे त्याचे म्हणणे होते. उपमा गतीची होती. मथळे लिहिणाऱ्यांनी ती आकाराला चिकटविली आणि 'उडती बशी' अवतरली. मराठीने तिची तबकडी केली, इतकेच.

येथे वृत्तपत्रांवर सारा दोष टाकणे न्यायाचे होणार नाही. पहिल्या मुलाखतींत अर्नोल्डने आकाराचेही वर्णन ताटलीसारखे केले होते. मात्र हवाई दलाला त्याने काढून दिलेली आकृती पुढे गोलसर, मागे निमुळती अशी होती. ती पूर्ण गोल नव्हती. १९५० साली एडवर्ड मरो या नामवंत पत्रकाराशी बोलताना, आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाल्याची तक्रार त्याने केलीच. तोवर पुष्कळ उशीर झाला होता. १९४७ च्या त्या उन्हाळ्यातच शेकडो लोकांना आकाशात गोल तबकड्या दिसू लागल्या होत्या. डोळ्यांनी काय पाहावे, हे शब्दाने आधीच ठरवून टाकले होते.

त्याच जुलैच्या ८ तारखेस न्यू मेक्सिकोतील रॉझवेलच्या वृत्तपत्राने, लष्कराने उडती तबकडी हस्तगत केल्याचे ठळक मथळ्यात छापले. माहिती खुद्द लष्करी तळानेच दिली होती. लगेचच तो हवामानाचा फुगा असल्याचा खुलासा झाला. तोही अर्धसत्य होता. सोव्हिएत अणुस्फोटांची चाहूल घेण्यासाठी सोडलेल्या गुप्त फुग्यांचे ते अवशेष होते, हा हवाई दलाचा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. दडविलेल्या सत्याच्या रिकाम्या जागेत मधल्या काळात केवढ्या दंतकथा वाढल्या!

कुतूहल ओसरले की वृत्तपत्रे थट्टेकडे वळत. मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात दिसलेल्या काही दिव्यांचे कारण दलदलीतील वायू असू शकेल, असे खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी सुचविले. दोन ठिकाणांपुरता तो अंदाज होता. पण तो साऱ्याच साक्षींचा निकाल असल्यासारखा गाजला. शास्त्रज्ञाचे हसे झाले, आणि दिवे पाहणाऱ्या साध्या माणसांचेही. हवाई दलाने १९४७ ते १९६९ या काळातील १२,६१८ नोंदी तपासल्या. ७०१ अनिर्णित राहिल्या. 'ठाऊक नाही' एवढाच त्या आकड्याचा अर्थ. मथळ्याला मात्र हे उत्तर मानवत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये 'नासा'च्या अभ्यासगटाने, या वस्तू परग्रहावरून आल्याचा पुरावा आढळला नाही असे सांगितले. पण पाहणाऱ्यांची हेटाळणी थांबावी, असेही बजावले.

आपल्या घरचे उदाहरणही टाळू नये. व्हॅटिकन वेधशाळेचे तत्कालीन संचालक, येशूसंघीय फादर होसे गाब्रिएल फुनेस यांनी २००८ साली एका मुलाखतीत, अन्यत्र जीवसृष्टी असू शकेल आणि तसे मानण्याने श्रद्धेला बाध येत नाही, असे मत मांडले. व्हॅटिकनच्याच दैनिकाने तिला मथळा दिला, 'परग्रहवासी माझा भाऊ'. फादरांच्या बोलण्यातले 'असू शकेल' मथळ्यात उरले नाही.

अर्नोल्ड खोटे बोलला असे मानण्यास आम्हांला कारण दिसत नाही. त्याने काय पाहिले, हे आजही कोणी ठामपणे सांगू शकत नाही. त्याला हवा होता लक्षपूर्वक ऐकणारा श्रोता. त्याला आधी भाबडे स्वागत मिळाले आणि मागाहून उपहास. चौकशीचे कष्ट दोन्हींत वाचले. तेव्हा अशी वार्ता घरी वाचली जाईल त्या वेळी मुलांना एवढे जरूर विचारावे : पाहणारा नेमके काय म्हणाला, आणि त्यात मथळ्याचा शब्द कोणता?