पाचखेडची पांढरी आणि गावची शाळा

पाचखेड हे यवतमाळ जिल्ह्यातील बाभूळगाव तालुक्यातले एक लहान गाव. गावाबाहेर एक जुने टेकाड आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ मध्ये तिथे उत्खनन केले. लोहयुग, सातवाहन काळ, मध्ययुग आणि निजामकाळ असे वस्तीचे चार थर सापडले. गोल घराचे अवशेष, चुनखडीची जमीन, चूल, लाकडी खांबांच्या खुणा, लोखंडी वस्तू, मणी आणि खापरे मिळाली. दिल्लीच्या प्रयोगशाळेतील कालमापनानुसार इथली वस्ती सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची ठरते.

आपल्याकडे शेताच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडली, पुन्हा उभी राहिली, चुलीची राख साचली, त्यातून पांढरीचे टेकाड होते. ही माती भिंतींसाठी आणि शेतासाठी खणून नेतात. माती गेली की थर मोडतात आणि कोणती वस्तू कोणत्या काळातली, हे पुन्हा कळत नाही.

सातवाहन काळ म्हटले की आपल्या तरुणांना लेणी आणि स्तूप आठवतात. पण सातवाहन थर सापडला म्हणजे तिथे विहार होताच, असे नव्हे. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात स्तूप आणि ब्राह्मी लेख मिळाले, म्हणून तिथला बौद्ध वारसा ठामपणे सांगता येतो. पाचखेडच्या बाबतीत पुराव्यापुढे जाऊन दावा करू नये, असे आम्हाला वाटते. सामान्य माणसाच्या घराचा, चुलीचा, अवजारांचा इतिहासही आपलाच आहे. राजांच्या बखरीत तो सापडत नाही.

हा इतिहास सांभाळण्याची जागा म्हणजे गावची जिल्हा परिषद शाळा. तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास हा विषय आहे. मुलांना टेकाड दाखवावे, थर म्हणजे काय ते समजवावे, गावातील जुनी घरे, विहिरी आणि शिळा यांची नोंदवही शाळेत ठेवावी. त्यासाठी शाळा टिकली पाहिजे. शिक्षण हक्क कायदा २००९ खालील राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी.

कार्यकर्त्यांनी एवढे लक्षात ठेवावे :

• शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के महिला असतात. वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व मिळते. या जागा रिकाम्या सोडू नका.

• जमिनीत दडलेली जुनी मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. स्वतः खोदकाम करू नका.

• महत्त्वाचे स्थळ १९६० च्या राज्य कायद्याखाली संरक्षित करता येते. ग्रामसभेत ठराव करून तो राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे पाठवा.

• संविधानाच्या अनुच्छेद ५१-क नुसार वारशाचे जतन आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन्ही नागरिकांची कर्तव्ये आहेत.

आपल्या गावाजवळ अशी पांढरी असेल, तर पुढच्या ग्रामसभेत तो विषय मांडा.