शेंदऱ्या बुरुजाखालची देवकाई

पुरंदरला गेलेले आमचे तरुण शेंदऱ्या बुरुजापाशी फोटो काढतात आणि खाली लिहितात, 'आमच्या पूर्वजांचे बलिदान'. या 'बलिदान' शब्दालाच आमचा आक्षेप आहे.

1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमधली दंतकथा अशी. बिदरच्या बादशाहीत हा बुरुज बांधताना सारखा ढासळत होता. कामावरच्या अधिकाऱ्याला स्वप्न पडले की, पायात थोरला मुलगा आणि त्याची बायको जिवंत पुरली तरच बुरुज टिकेल. येसाजी नाईक चिवे याने बहिरनाक सोननाकाचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना आणून हजर केले. दोघांना पुरले, बुरुज उभा राहिला. येसाजीला किल्ला मिळाला, बहिरनाकाला दोन गावे.

कथा खरी की रचलेली, हा वाद बाजूला ठेवू. ती सांगणाऱ्यांना काय वाजवी वाटत होते ते बघा. स्वप्न एकाचे, लेकरे दुसऱ्याची, किल्ला तिसऱ्याला. देवकाईला कोणी विचारल्याचे कथेत कुठेच नाही. बलिदान माणूस स्वतः देतो. हा बळी होता, आणि त्याची किंमत बापाच्या हातावर ठेवली गेली. ('नाक' शेवटी असलेली अशीच नावे कोरेगावच्या स्तंभावर आहेत. तिथे ती दगडावर आहेत, इथे दगडाखाली.)

बुरुज उभा राहिल्यावर राखण कोणाची? ग्रँट डफ 1826 च्या आपल्या इतिहासात लिहितो की गडाच्या चाकरीत रामोशी, महार, मांगही होते. पण त्यांची जागा गडाबाहेर, घेऱ्यात. वाटांवर नजर ठेवायची, लांबची खबर आणायची. शत्रू आला की त्याची पहिली गाठ यांच्याशी. मोबदला म्हणून वंशपरंपरेची इनाम जमीन. अंधारात चाहूल ओळखणाऱ्या त्या माणसांचा अभिमान आम्हालाही आहे, तो सोडा असे आम्ही म्हणत नाही.

पण वंशपरंपरेची जमीन म्हणजे वंशपरंपरेची चाकरी. गावकीतल्या महार वतनाचीही तीच तऱ्हा. तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात अख्खे घर सरकारच्या आणि गावाच्या हाकेला बांधलेले. म्हणूनच बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा यायला 1958 उजाडले, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

पुढच्या वेळी फोटोखाली एवढेच लिहा: नाथनाक आणि देवकाई यांना इथे पुरले, असे सांगतात.