तेर ते किल्लारी : एका भूकंपाच्या संशोधनाची कहाणी

लातूर-बार्शी मार्गावरील मुरुडच्या एका अंगाला तेर आहे, तर दुसऱ्या अंगाला किल्लारी. दोन्ही गावे तेरणा नदीच्या खोऱ्यातील. तेर पुरातत्त्ववेत्त्यांना परिचित, तर किल्लारी भूकंपशास्त्रज्ञांना. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत या दोन गावांचा परस्परांशी काही शास्त्रीय संबंध असेल, असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगभरातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत ती मध्यमच म्हणावी लागेल. परंतु बळींची संख्या सरकारी नोंदींनुसार आठ हजारांच्या घरात गेली आणि काही अभ्यासांत ती दहा हजारांच्या जवळपास दिली जाते.

त्या काळच्या समजुतीनुसार दख्खनचे पठार हा पृथ्वीच्या कवचातील जुना व स्थिर भाग होता. भूकंपप्रवणतेच्या राष्ट्रीय नकाशावर लातूर परिसर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात मोडत असे. वस्तुतः जमिनीने इशारा दिला होता. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली होती. लोक धास्तावले होते. पुढे धक्के थंडावले आणि भीतीही ओसरली. लहान धक्क्यांची मालिका मोठ्या भूकंपाची नांदी ठरेलच असे नाही, हे शास्त्राचे म्हणणे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे; पण जवळपास भूकंपमापकांचे दाट जाळे नसल्याने त्या धक्क्यांचा नेमका अभ्यास तेव्हा पुरेसा होऊ शकला नाही, हेही तितकेच खरे.

भूकंपानंतर संशोधकांची रीघ लागली. जिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने हर्ष गुप्ता यांच्या संपादनाखाली १९९४ मध्येच लातूर भूकंपावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. शास्त्रज्ञांचे कुतूहल चाळवले ते एका दुर्मीळ गोष्टीमुळे. किल्लारी-तळणी परिसरातील शेतांत सुमारे एक किलोमीटरपर्यंत जमीन फाटून वर उचलली गेली होती. खंडाच्या अंतर्भागातील स्थिर प्रदेशात झालेल्या भूकंपाची भेग पृष्ठभागापर्यंत येणे क्वचितच घडते. याचा अर्थ केंद्र फार उथळ होते, आणि धक्का मध्यम असूनही गावे का भुईसपाट झाली, याचे अर्धे उत्तर त्यात होते.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने या भेगेच्या परिसरात ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या काळ्या कातळाचा थर तेथे ३३८ मीटर जाड निघाला. त्याखाली सुमारे आठ मीटर गाळाचे खडक आणि मग थेट अतिप्राचीन पायाभूत खडक. लाव्हाच्या जाड आवरणाखाली काय दडले आहे, हे या भागात प्रथमच असे हाती लागत होते.

खरा वाद पेटला तो १९९६ मध्ये. अमेरिकेतील लिओनार्डो सीबर यांनी सुधीर जैन, सी. व्ही. आर. मूर्ती आदी सहकाऱ्यांसह ‘जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च’मध्ये निबंध लिहून, बेसॉल्टमधील हा प्रस्तरभंग नवाच निर्माण झाला असावा काय, असा प्रश्न उपस्थित केला. त्याच वर्षी सी. पी. राजेंद्रन व कुसला राजेंद्रन यांनी ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात उलट मत मांडले: भंग जुनाच, तो पुन्हा जागा झाला. वाद निव्वळ पुस्तकी नव्हता. भंग नवा असेल तर तो पठारावर कोठेही उद्भवू शकतो. जुना असेल तर जुन्या खुणा शोधून धोक्याची ठिकाणे निदान अंशतः ओळखता येतात. माकणी येथील निम्न तेरणा जलाशयाचा यात काही वाटा होता काय, यावरही बरीच चर्चा झाली. त्याबाबत शास्त्रज्ञांत एकमत झाले नाही.

जुन्या खुणांचा शोध घेता घेता संशोधक तेरला पोहोचले. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथातील तगर नगर नेमके कोठे, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांत बरेच मतभेद होते. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते तेर असल्याचे प्रतिपादन केले आणि पुढे हेच मत रूढ झाले. अशा दीर्घकाळ वसलेल्या गावाच्या मातीत मानवी वस्तीचे थर एकावर एक असतात आणि त्यामुळे कालमापन सोपे जाते. राजेंद्रन दांपत्याने किल्लारीबरोबर तेरच्याही थरांचा अभ्यास केला. तो १९९९ मध्ये ‘टेक्टोनोफिजिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. तेरच्या थरांतील विकृती त्यांना ऐतिहासिक काळातील एखाद्या भूकंपाकडे निर्देश करणारी वाटली. अशा अनुमानांवर आक्षेप घेता येतात आणि ते घेतलेही जातात. तरीही वस्तीचा इतिहास आणि खडकांचा इतिहास एकाच खड्ड्यात वाचण्याचा हा प्रयत्न मराठवाड्यात वेगळाच ठरला.

उरलेले अर्धे उत्तर घरांच्या भिंतींत होते. खणाच्या माळवदाच्या घरात लाकडी खांबांवर मातीचे जड छत असे आणि भोवती ओबडधोबड दगडांची, चिखलात रचलेली जाड भिंत. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे लांब दगड क्वचितच घातलेले असत. धक्क्यासरशी भिंती फुटल्या. अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. परंतु लोकांच्या मनात दगड-लाकडाचीच दहशत बसली. जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावांचे पुनर्वसन झाले, आखीव चौकोनी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांचे पुढे काय झाले, याचा अभ्यास रोहित जिग्यासू यांनी २००२ मध्ये नॉर्वेतील विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात केला. शहरी नमुन्याच्या मांडणीचा गावच्या राहणीशी मेळ बसत नाही, आणि स्थानिक बांधकामाचे जे ज्ञान कामी आले असते तेच पुनर्वसनात मागे पडले, असे त्यांना दिसले. भूकंपाच्या विज्ञानाइतकेच हे संशोधनही महत्त्वाचे आहे. चर्चा मात्र त्याची कमी होते.

संशोधनाचा एक दृश्य परिणाम भारतीय मानक संस्थेच्या २००२ च्या सुधारित नकाशात दिसला. पहिला विभाग रद्द झाला आणि लातूर परिसर तिसऱ्या विभागात गेला. नांदेड शहरात २००६ पासून जाणवू लागलेल्या सूक्ष्म धक्क्यांवरही शास्त्रीय निरीक्षणे झाली आणि २०१२ मध्ये ती ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. हिंगोली परिसरात २१ मार्च २०२४ व १० जुलै २०२४ रोजी प्रत्येकी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा नांदेड-परभणीतही लोक घराबाहेर धावले.

या निबंधांची भाषा इंग्रजी. ‘करंट सायन्स’ संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते; ‘टेक्टोनोफिजिक्स’मधील तेरवरचा निबंध वर्गणीच्या कुंपणाआड आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय शिक्षणसंस्था व संशोधन संस्थांना खुली झाली आहेत. त्या संस्थांबाहेरच्या वाचकाला, मग तो मुरुडचा असो वा तेरचाच, हे दार उघडलेले नाही.