नहपानाच्या चेहऱ्यावर सातकर्णीचा ठसा

१/ रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील प्रांतांत पाडलेली चांदीची नाणी संग्राहकांना फार प्रिय. एका बाजूस सम्राटाचे मुखचित्र, भोवती ग्रीक अक्षरे. साधारण त्याच काळात महाराष्ट्रातील चांदीवरही एका राजाचा चेहरा उमटत होता आणि त्याच्याही भोवती ग्रीक अक्षरे होती. तो राजा म्हणजे क्षहरात कुळातील क्षत्रप नहपान.

२/ त्यापूर्वी भारतात दीर्घकाळ चाललेल्या आहत नाण्यांवर सूर्य, वृक्ष, प्राणी अशी चिन्हे असत. राजाचे नाव नसे, चेहराही नसे.

३/ नहपानाच्या नाण्यावर उजवीकडे पाहणारे मुख आहे. मागील बाजूस बाण आणि वज्र. लेख तीन लिप्यांत : ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. गंमत अशी, की ग्रीक अक्षरांत लिहिलेली भाषा ग्रीक नाही. ‘राञो क्षहरातस नहपानस’ हाच प्राकृत मजकूर तेथे ग्रीक लिपीत उतरवला आहे.

४/ ही पद्धत येण्याचा मार्ग बंदरांतून जातो. आजच्या नवी मुंबईच्या उत्तरेकडे कल्याण आणि सोपारा, दक्षिणेकडे चौल. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ या तिन्ही बंदरांची नोंद करतो. भडोचला रोमन दिनार स्थानिक चलनात बदलताना नफा होई आणि इंडो-ग्रीक राजांची जुनी नाणी तेथे अजून चालत, असेही तो सांगतो. मुखांकित चांदी व्यापाऱ्यांच्या हातात आधीपासूनच खेळत होती.

५/ नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात दानाची रक्कम ७०,००० कार्षापण दिली असून ३५ कार्षापणांस एक सुवर्ण या दराने तिचे मूल्य २,००० सुवर्ण सांगितले आहे. दानलेखात विनिमयाचा दर कोरावासा वाटणे, हीच त्या काळच्या बाजाराची साक्ष.

६/ पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. या विजयाचा सर्वांत बोलका पुरावा १९०६ साली नाशिकजवळील जोगळटेंभी येथे सापडला : नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी, एकाच साठ्यात.

७/ त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातकर्णीने स्वतःचा ठसा मारला होता. एका बाजूस तीन कमानींचा पर्वत व सातकर्णीचे नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. अनेक नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचे नाक, केस वा अक्षरे डोकावतात. नाणी वितळवण्याचा खटाटोप टळला आणि सत्तांतराची वार्ता प्रत्येक व्यवहारातून पोचली.

८/ या साठ्याचे खरे महत्त्व त्यात जे नाही त्यात आहे. नहपान आणि सातकर्णी यांच्या मधल्या कोणत्याही राजाचे नाणे तेथे नव्हते. म्हणून नहपानाची सत्ता थेट गौतमीपुत्राने घेतली, या अनुमानाला बळ मिळाले. तेरा हजार नाणी एकत्र मोजली गेली म्हणूनच ही अनुपस्थिती दिसू शकली.

९/ शत्रूच्या मुखावर ठसा मारणाऱ्या सातवाहनांनी मुखांकित नाण्याची रीत मात्र स्वीकारली. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा तेथे यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. त्यावर राजाचा चेहरा आहे.

१०/ संग्राहकासाठी यातून एक कसोटी निघते. सुटे नाणे राजाचे नाव सांगते. ते कोठे, कोणत्या नाण्यांसोबत, किती खोलीवर मिळाले याची नोंद इतिहास सांगते. साठा फुटून बाजारात विखुरला, की चांदी उरते आणि पुरावा जातो. १८७८ च्या भूमिगत निधीविषयक कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. जोगळटेंभीची नाणी मोजण्याआधीच वाटली गेली असती, तर सातकर्णीचा ठसा आजही दिसला असता. पण त्याच्या आधी तेथे दुसरे कोणी नव्हते, हे कोणत्याही एका नाण्याला सांगता आले नसते.